चिनी माती, मुक्काम मुळशी

मुळशी धरणाच्या कडेला चंद्राबाई मरगळेंची पत्र्याची शेड आहे. आत पाऊल टाकलं की नाकात ओल्या मातीचा वास शिरतो आणि कानात अमेरिकेचं राजकारण. चार चाकं, एक भट्टी, कामाला पाच बायका आणि खांबावर धुळीने माखलेला एक टीव्ही, एवढाच हा कारखाना. इथे लोणच्याच्या बरण्या होतात. पोटाला पांढऱ्या, खांद्याला तपकिरी, गळ्याशी दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधायला खाच असलेल्या. प्लास्टिक आल्यावर ज्या घराघरांतून माळ्यावर गेल्या, त्याच.

चंद्राबाई मूळच्या वरच्या डोंगरातल्या धनगर वस्तीतल्या. आई लोणी-तूप घेऊन पौडला उतरायची आणि तिच्यामागून ही पोर, डोक्यावर रिकामी बरणी घेऊन. एकोणिसाव्या वर्षी पिरंगुटच्या अलीकडे एका बरणी कारखान्यात ती झाडू मारायला लागली. झाडता झाडता तिने चाकावरच्या कारागिरांचे हात पाहिले, जेवणाच्या सुट्टीत गुपचूप चाकावर बसली, आणि चौथ्या वर्षी तिची बरणी कुठली आणि मुकादमाची कुठली हे मुकादमालाच सांगता येईना. पुढे तो कारखाना बंद पडला. सगळे कामगार दुसरीकडे नोकरी बघायला पळाले. ही बाई मात्र मालकाच्या दारात तीन दिवस ठाण मांडून बसली आणि चार जुनी चाकं ट्रॅक्टरवर टाकून मुळशीला घेऊन आली.

गावाने तेव्हा तिला वेड्यात काढलं. आता लोणचं कोण घालतं आणि घातलंच तर बरणीत कोण भरतं, असं जो तो विचारी. चंद्राबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "तू नको घालू." बाई फटकळ. पण कामाला अशी की बरणीच्या गळ्याला केसाएवढा तडा दिसला तरी ती स्वतःच्या हाताने फोडायची. धड बरणीच्या तळाशी मराठीत शिक्का मारायची: चंद्रा, मुळशी. सही करायला ती चाळिशीत शिकली. त्यामुळे आपलं नाव कुठे उमटतं याचं तिला कौतुक जरा जास्तच होतं, आणि ते असायलाच हवं.

आता यात अमेरिका कुठून आली, तर नलिनी देशपांडेंमुळे. या बाई न्यूजर्सीला राहतात, तिथे त्यांचं मराठी खाण्यापिण्याचं दुकान आहे. लोणच्याच्या बरण्या त्या चीनहून मागवायच्या. मग अमेरिकेच्या अध्यक्षाचं आणि चीनचं वाजलं. चीनच्या मालावर त्याने जबरी जकात बसवली, चीनने उलट बसवली, याने आणखी वाढवली, मग बोलणी, मग पुन्हा वाढ. दोन हत्ती झुंजत होते आणि नलिनीबाई आपल्या बरण्या कुठून आणायच्या म्हणून इंटरनेटवर शोधत होत्या. शोधता शोधता त्यांना चंद्राबाई सापडल्या. जान्हवी नावाच्या मुलीने त्यांच्या कामाचे फोटो टाकले होते.

ही जान्हवी उदगीरची. हिंजवडीत एका कंपनीत कामाला आणि शेजारच्या माण गावात खोली घेऊन राहणारी. आठवडाभर संगणकासमोर बसून तिची पाठ धरायची. कुणीतरी सांगितलं म्हणून ती एका शनिवारी मुळशीला माती मळायला आली आणि मग दर शनिवारी येतच राहिली. तिच्या हातून अजून एकही सरळ बरणी झालेली नाही. ते असो.

नलिनीबाईंनी आधी डझनभर बरण्या कुरियरने मागवल्या. त्या आठवडाभरात संपल्या तशी चारशेची मागणी आली, जहाजाने पाठवायची. तेव्हापासून शेडमधल्या टीव्हीवरच्या मालिका बंद झाल्या आणि बातम्या सुरू झाल्या. अमेरिकेचा अध्यक्ष सकाळी काय बोलला आणि चीनने दुपारी काय उत्तर दिलं, यावर भट्टी कधी पेटवायची ते ठरू लागलं.

चंद्राबाईंचं मत अध्यक्षाच्या बाजूने. "मानूस भांडकुदळ हाय, पन आपल्या कामाचा हाय," त्या म्हणायच्या.

शेजारच्या चाकावर बसणारी शारदा तिकडच्या विरोधी पक्षाची. ही शारदा एके काळी ग्रामपंचायतीची सदस्य होती, आणि त्या जोरावर अमेरिकेची निवडणूक अख्ख्या तालुक्यात तिच्याएवढी कुणाला कळली नसेल. जान्हवी समजावून सांगत होती की तिथे लोक थेट अध्यक्ष निवडत नाहीत, आधी राज्याराज्यांतून प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी अध्यक्ष निवडतात. शारदाने हातातली माती बाजूला ठेवली.

"म्हंजे आमचा सरपंच निवडायचे तसं. आधी आमी मेंबर निवडून यायचो, मग आमी सरपंच करायचो," ती म्हणाली. "आमाला आठ दिवस कोकनात नेऊन ठिवलं व्हतं, दुसऱ्या पार्टीनं फोडू नये म्हनून. ह्यांच्या मेंबरास्नी कुटं नेत्यात?"

जान्हवीने बरंच शोधलं, पण अमेरिकन मेंबरांना कुठे नेतात याची माहिती मिळाली नाही. न्यायला पाहिजे, असं मात्र शारदाचं पक्कं मत झालं.

चंद्राबाई अध्यक्षाची बाजू घेऊ लागल्या की शारदा त्यांना एकच सांगायची. "जो मानूस रोज उठून शेजाऱ्याचा बांध कोरतोय, त्यो आज चीनचा कोरंल, उद्या तुझा. तू आपली ऱ्हा त्येच्या भरवशावर."

चारशे बरण्या पेंढ्यात बांधून गेल्या. जहाज तिकडच्या बंदराला लागलं. आणि दहा दिवसांनी नलिनीबाईंचा फोन आला की माल बंदरात अडवलाय, पत्र पाठवते, वाचा.

तो शनिवार होता, म्हणून जान्हवी शेडमध्येच होती. तिने पत्र मोबाइलवर उघडलं आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. पत्राचा मतलब असा: हा माल चीनचा असल्याचं पाठवणाऱ्याने स्वतःच लिहून दिलं आहे. तळाशी परक्या लिपीत शिक्काही आहे. चिनी माल भारताच्या नावावर आणून जकात चुकवण्याचा हा प्रकार दिसतो. तीस दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर माल नष्ट करण्यात येईल. त्याखाली एक तक्ता होता. त्यात एक ओळ, उत्पादक, आणि तिच्यापुढे दोन शब्द: निश्चित नाही.

चंद्राबाईंनी तेवढी एकच ओळ पुन्हा वाचून घेतली. मग चाक थांबवलं. "चोर म्हना एक वेळ," त्या म्हणाल्या. "पन दुसऱ्याच्या हातचं काम मी माझ्या नावावर खपवलं म्हनत्यात व्हय? जान्हवे, चीनचं हाय आसं कुनी लिवून दिलं?"

कागदपत्रं भरली होती विकासने. हा चंद्राबाईंचा भाचा, भावाचा मुलगा. पौडला त्याचं दाखले, उतारे, ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. फोन केल्यावर तो अर्ध्या तासात मोटारसायकलवर हजर झाला आणि भरलेला फॉर्म त्याने दाखवला. मालाचं वर्णन या रकान्यात इंग्रजी मजकूर होता: पिकल जार्स ऑफ चायनीज सॉइल.

"आत्या, मी मराठीत बरोबर लिवलं व्हतं, मोबाइलनं इंग्रजी केलं," विकास म्हणाला. "आन त्यात चूक काय हाय तेच मला कळंना."

जान्हवीनेही तो मजकूर दोनदा वाचला. "लोणच्याच्या बरण्या, चायनीज सॉइलच्या. म्हणजे चिनी मातीच्या." ती थांबली. "बरोबरच आहे की."

आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला. दिवसभर इंग्रजीत काम करणारी ही मुलगी, पण तिलाही क्षणभर काही खटकलं नाही. खटकणार कसं? चिनी माती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बरणी येते, कपबशी येते, चीन देश काही येत नाही. तिकडे अमेरिकेत मात्र तो मजकूर वाचणाऱ्याला बरणी दिसलीच नाही, नुसती चीनची भूमी दिसली. अध्यक्ष आणि चीन यांची जुंपलेली असताना एका बाईने स्वतःहून कागदावर लिहून दिलं होतं की माझा माल चीनच्या भूमीवरचा आहे.

विकासचं तोंड एवढंसं झालं. चंद्राबाई त्याला बोलल्या नाहीत, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

खुलासा पाठवायचा ठरला. सिंधुदुर्गातून माती येते तिच्या पावत्या जमवल्या, शेडचे आणि भट्टीचे फोटो काढले, ग्रामपंचायतीचा दाखला आणला. दाखल्यात सरळ लिहिलं होतं की चंद्राबाई मरगळे या मौजे मुळशी येथे स्वतः चिनी मातीच्या बरण्या बनवतात. विकासने आपल्या चुकीची भरपाई म्हणून त्याच रात्री दाखल्याचं इंग्रजी करून, कुणालाही न विचारता, पाठवूनही दिलं. मोबाइलनेच. चार दिवसांनी तिकडून विचारणा आली की चीनची भूमी मुळशीला कधीपासून आणली जाते आणि किती आणली जाते?

यावर हसावं की रडावं कळेना. जान्हवीने नीट खुलासा लिहिला, की चिनी माती हा मराठीत एका प्रकारच्या मातीला म्हणतात तो शब्द आहे, त्याचा चीनशी संबंध नाही. उत्तर आलं की दोनदा लिहून दिल्यानंतर तुम्ही आता जबाब बदलताय. आमच्या देशाचा चीनशी वाद चालू असताना असे बदललेले जबाब आम्ही रोज पाहतो.

गावात तोवर बातमी फुटली होती. धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर चहाचं एक हॉटेल आहे. तिथे बंडोपंत रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात. पोस्टातून निवृत्त झालेले, इंग्रजी येणारे, त्यामुळे जागतिक राजकारणावर मुळशीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चहा पिता पिता निकाल देऊन टाकला. "चंद्राबाईचा माल अमेरिकेनं धरला. चीनचा निघाला म्हणतात. मला आधीच शंका होती, चार चाकांवर चारशे बरण्या होतात होय?" दुपारपर्यंत हे वाक्य शेडपर्यंत पोचलं, आणि वाटेत त्याला दोन पायही फुटले होते.

चंद्राबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. शारदाने डबा पुढे सरकवला तरी नाही. शारदाने मनात आणलं असतं तर बांधाचं बोलणं त्या दिवशी पुन्हा काढता आलं असतं, पण तिने काढलं नाही. मैत्रीण होती ती. "मी बावीस वर्सं दुसऱ्याच्या कारखान्यात बरन्या केल्या," चंद्राबाई म्हणाल्या, "तवा तळाला मालकाचं नाव व्हतं आन माझं कुटंच न्हवतं. आता कुटं माझं लागलं, तर म्हनत्यात निश्चित न्हाई."

मुदतीचे नऊ दिवस उरले असताना नलिनीबाईंनी खटपट करून एक गोष्ट मिळवली. त्या बंदरावरची अधिकारी बाई व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं बोलायला तयार झाली. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तिथे सकाळ. वीस मिनिटांत काय सांगायचं, हा प्रश्न होता. पावत्या दिल्या, फोटो दिले, शब्दाचा अर्थ दिला. आता उरलं काय?

कॉलच्या आदल्या दिवशी शेडमध्ये टीव्ही चालू होता. अमेरिकेच्या अध्यक्षाने कुण्या पाहुण्याला मेजवानी दिली होती, त्याची दृश्यं होती. निवेदक सांगत होता, मेजवानीमागे कोणतं धोरण आहे, चीनला यातून कोणता इशारा आहे. चंद्राबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. माणूस ज्या धंद्यातला त्याची नजर तिथेच जाते. त्या बशा बघत होत्या.

"जान्हवे, झिलई बघ कशी धरलीय. ह्या बशा कुनी केल्या आसतील?"

जान्हवीने मोबाइलवर शोधलं. माहिती भरपूर निघाली. अध्यक्षाच्या त्या पांढऱ्या बंगल्यात मेजवानीसाठी भांड्यांचे खास संच असतात, कित्येक अध्यक्षांनी आपापल्या कारकिर्दीत नवे करून घेतलेले. ती वाचत गेली आणि एका ठिकाणी तिचा आवाज बारीक झाला. "मावशी, या भांड्यांना तिथे काय म्हणतात माहितीये? चायना. अध्यक्षांचा चायना. आणि यातले कित्येक संच अमेरिकेतल्याच कारखान्यात झालेले आहेत."

चंद्राबाईंनी हात धुतले. "परत सांग," त्या म्हणाल्या. जान्हवीने परत सांगितलं. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि कितीतरी दिवसांनी शारदाकडे चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला जान्हवीने लॅपटॉप एका पालथ्या पाटीवर ठेवला. चंद्राबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. हात मोकळे असले की मला बोलायला सुचत नाही, असं म्हणून त्या चाकावर बसल्या आणि मातीचा गोळा घेतला. पडद्यावर चष्मा घातलेली, पांढऱ्या केसांची एक गोरी बाई आली. तिच्या टेबलावर चारशेतली एक बरणी होती. ती बघून चंद्राबाईंना सासरी गेलेली लेक दिसावी तसं झालं.

जान्हवी मधे दुभाषी. अधिकारी बाई सभ्यपणे, पण सरळ बोलली. "तुमचे फोटो मी पाहिले. पावत्याही पाहिल्या. पण तुम्ही दोनदा चायनीज लिहिलंत आणि तिसऱ्यांदा नाही म्हणालात. मी कोणतं खरं धरू?"

चंद्राबाईंच्या हाताखाली गोळा वर चढत होता. "त्यांना इचार," त्या म्हणाल्या, "त्यांच्या अध्यक्षाच्या बंगल्यात पावन्यांना ज्या बशीत वाढत्यात, तिला ह्या काय म्हनत्यात?"

जान्हवीने विचारलं. पलीकडची बाई गोंधळली. कामाशी संबंध काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तरी तिने उत्तर दिलं. "चायना."

"आन झाल्यात कुटं त्या?"

"बऱ्याचशा इथेच. अमेरिकेत."

"मग बंगल्यात शिरताना त्यांच्यावर चीनची जकात घेतली का, इचार."

जान्हवीने हा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत केला. मग कॅमेऱ्यात न दिसणारं कुणीतरी तिकडे फसकन हसलं. अधिकारी बाईने चष्मा काढला, टेबलावरची बरणी उचलली, उलटी करून शिक्का पाहिला, सुलटी केली, आणि तिलाही हसू आवरेना. शेडमध्ये शारदाने तोंडाला पदर लावला होता.

चंद्राबाई हसल्या नाहीत. त्यांची बरणी खांद्यापर्यंत आली होती. "तुमी भांड्याला चीन म्हनता, आमी मातीला म्हनतो," त्या म्हणाल्या. "त्यांनी हे काम पयलं केलं आसंल, म्हनून त्यांचं नाव ऱ्हायलं. ऱ्हाऊ द्या, माझं काय जात न्हाई. तुमचं त्यांचं भांडन तुमी बघून घ्या. पन तुमच्या टेबलावर हाय ती बरनी मी केलीय. ही बगा, दुसरी करतीय." आणि त्यांनी बरणीचा ओठ वळवला, गळ्याची खाच पाडली, दोऱ्याने बरणी चाकावरून सोडवली आणि दोन्ही हातांवर तोलून कॅमेऱ्यासमोर धरली. ओली, चकचकीत, आणि त्या बाईच्या हातातल्या बरणीची सख्खी बहीण.

वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. अधिकारी बाईने दोन्ही बरण्या नीट न्याहाळल्या. चिनी माती या शब्दाचं शब्दकोशातलं पान आणि दुरुस्त केलेला फॉर्म पाठवा म्हणाली. वर्णनात सिरॅमिक असं लिहा. "चायना लिहिलंत तर माझा साहेब पुन्हा अडवील," असंही म्हणाली.

तो फॉर्म विकासने भरला. प्रत्येक शब्द जान्हवीला चार चार वेळा विचारून, आणि मोबाइल शेडच्या बाहेर ठेवून.

मुदत संपायला एक दिवस असताना पत्र आलं. बरण्या सोडल्या होत्या. नलिनीबाईंच्या दुकानात त्या लागल्याही. जान्हवीने पत्र छापून आणलं, वाचून दाखवलं, बायकांनी टाळ्या पिटल्या, शारदाने गुळाचा खडा हातावर ठेवला. चंद्राबाईंनी खडा तोंडात टाकला, कागदाची घडी पदरात घेतली आणि चपला घातल्या.

चहाच्या हॉटेलात सकाळची गर्दी होती. बंडोपंत वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, अमेरिका आणि चीन यांच्या वाटाघाटींचंच काहीतरी. चंद्राबाईंनी त्यांच्या वर्तमानपत्रावर आपला कागद ठेवला.

"हे वाचा, बंडोपंत. इंग्रजी हाय. मोठ्यानं वाचा."

बंडोपंतांनी चष्मा सारखा केला. वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं, सगळं हॉटेल बघत होतं. एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची, असं करत ते तक्त्यापाशी आले. माल, सिरॅमिकच्या बरण्या. मूळ देश, भारत. मग ते थांबले.

"फुडं," चंद्राबाई म्हणाल्या.

"उत्पादक," बंडोपंतांनी वाचलं. "चंद्राबाई मरगळे. मुळशी."

"मागं बसल्यात त्यांना ऐकू न्हाई आलं."

बंडोपंतांनी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, उठून उभे राहिले आणि कुणी न सांगता तिसऱ्यांदा वाचलं.